सिरीचे गाल आणि बाकीची भांडणं

सोमवार, रात्र

'द विचर ४' या व्हिडिओ गेमचा पहिला ट्रेलर १२ डिसेंबर २०२४ ला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये आला. सहा मिनिटांच्या आसपासचा. एक भेदरलेलं गाव, बळी द्यायला काढलेली मुलगी, जंगलातला राक्षस आणि साखळी फिरवत त्याच्याशी झुंजणारी सिरी, 'विचर ३'मधली ओळखीची, आता नायिका. एवढं सगळं दाखवलं, आणि फॅन लोक भांडले ते सिरीच्या गालांवरून. ती म्हातारी दिसते, जबडा रुंद झालाय, ही आमची सिरीच नव्हे, वगैरे.

मग २०२५ च्या सुरुवातीला ट्रेलर कसा बनला त्याचा व्हिडिओ आला. त्यात तिचा चेहरा जरा नाजूक दिसला आणि 'बघा, आरडाओरडा केला म्हणून सुधारला' असा विजयोत्सव सुरू झाला. गेम बनवणाऱ्या सीडी प्रॉजेक्ट रेडने खुलासा केला की मॉडेलला, म्हणजे तिच्या संगणकातल्या आकृतीला, हातही लावलेला नाही. दोन्हीकडे तेच मॉडेल होतं. दुसऱ्या व्हिडिओत चेहऱ्याचं अ‍ॅनिमेशन, प्रकाशयोजना आणि आभासी कॅमेऱ्याची लेन्स चढवायची बाकी होती.

अनेकांना ही सारवासारव वाटली. पण हिशेब करून बघता येतो. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागे असतात. कॅमेरा नाकापासून ३० सेंटीमीटरवर धरला तर कान ४२ सेंटीमीटरवर पडतात, म्हणजे कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटतं. कॅमेरा २ मीटर मागे नेऊन झूम केला तर तेच प्रमाण २१२ भागिले २००, म्हणजे १.०६. चेहरा तोच, पण एकात नाक आणि गाल पुढे आलेले, दुसऱ्यात चपटे आणि सुबक. दोष लेन्सला देतात, पण करामत अंतराची असते. लेन्स फक्त चौकट भरायला किती जवळ जावं लागेल ते ठरवते. फोनच्या कॅमेऱ्यावर दोन मिनिटांत पडताळता येतं.

त्यात प्रकाश. मशालीचा उजेड खालून किंवा बाजूने आला की गालाखालची आणि ओठांजवळची प्रत्येक घडी सावली टाकते. वर धूळ, घाम, खरचटलेलं. सपाट उजेडात ठेवलेलं कच्चं मॉडेल त्यापुढे पाच वर्षांनी लहान दिसणारच.

चेहरा न आवडणं हे मत झालं, त्यावर वाद नाही. 'मॉडेल बदललं' हे मात्र विधान आहे आणि ते तपासता येतं. दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर आणि भुवई ते हनुवटी हे अंतर यांचं गुणोत्तर काढायचं. मात्र दोन्ही फ्रेममध्ये मान सारखीच वळलेली हवी आणि कॅमेराही साधारण तेवढ्याच अंतरावर हवा. बाण काढून फिरवलेल्या बहुतेक चित्रांमध्ये एक चेहरा समोरून आणि दुसरा तीन-चतुर्थांश वळलेला असतो. मग काय जुळणार!

मंगळवार

शब्दांचा घोळ. ट्रेलरखाली स्पष्ट लिहिलेलं होतं की तो अनरियल इंजिन ५ च्या (गेम ज्यावर बांधतात त्या एपिक कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या) खास बनवलेल्या आवृत्तीत, एनव्हिडियाच्या तेव्हा जाहीर न झालेल्या जीफोर्स आरटीएक्स ग्राफिक्स कार्डवर, प्री-रेंडर केलेला आहे. तरी 'गेम असाच दिसणार' आणि 'असा दिसणं शक्यच नाही' अशा दोन फळ्या पडल्या. या ट्रेलरवरून दोघांनाही काहीच ठरवता येत नाही.

प्री-रेंडर म्हणजे प्रत्येक फ्रेम निवांत काढून नंतर ओळीने चिकटवलेली. एका फ्रेमला १० सेकंद लागले तरी कोणाचं बिघडत नाही. खेळताना सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एकीला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० हव्या असतील तर ३३.३. 'इन-इंजिन' म्हणजे इंजिन गेमचंच, पण दृश्य, कॅमेरा आणि यंत्र हवं तसं. 'इन-गेम' म्हणजे सहसा गेममधलीच जागा आणि पात्रं, पण नियंत्रण कोणाच्या हातात ते सांगितलेलं नाही. 'गेमप्ले' म्हणजे कोणीतरी खेळतंय, निदान तशी अपेक्षा. कंपन्या हे शब्द सैल वापरतात, म्हणून तळाची बारीक ओळ आधी वाचायची आणि मगच संगीताने भारावून जायचं.

बुधवार

३ जून २०२५ चा टेक डेमो. फ्लोरिडातल्या ऑरलँडोमध्ये एपिकच्या 'स्टेट ऑफ अनरियल' कार्यक्रमात दाखवलेला. विचरच्या जगातल्या कोव्हिरचे डोंगर, सिरीची केल्पी नावाची घोडी, वाल्ड्रेस्ट नावाचं बंदर, बाजारात ३०० हलती पात्रं. साध्या पीएस५ कन्सोलवर, रे ट्रेसिंगसह (उजेडाच्या किरणांचा माग काढून चित्र बनवणं), सेकंदाला ६० फ्रेम. इथेही स्टुडिओने सांगितलं की हा तंत्राचा नमुना आहे, 'विचर ४'चा गेमप्ले नव्हे. आणि इथेही निम्म्या लोकांनी तो गेमप्ले म्हणूनच पाहिला.

डेमोतली खरी बातमी बहुतेकांच्या नजरेतून सुटली, कारण ती दिसण्यापेक्षा न अडखळण्याशी संबंधित होती. अनरियल ५ वरच्या गेमबद्दल जुनी ओरड आहे ती अडखळण्याची, आणि तिची कारणं दोन. पहिलं शेडरचं, म्हणजे पडद्यावरचे रंग आणि उजेड ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचं. पीसीवर प्रत्येक ग्राफिक्स कार्डासाठी आणि ड्रायव्हरसाठी शेडर त्या त्या यंत्रावर कंपाइल व्हावे, म्हणजे त्याच्या भाषेत उतरावे लागतात. ते काम लढाईच्या मधोमध आलं तर १६.७ मिलिसेकंदांची फ्रेम १०० वर जाते आणि हाताला हिसका बसतो. कन्सोलवर हार्डवेअर ठरलेलं असल्याने शेडर आधीच तयार करून देता येतात. म्हणजे पीएस५ वरच्या डेमोने या दुखण्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पीसीवाल्यांनी त्यावर खूश व्हायचं कारण नाही.

दुसरं कारण प्रवासाचं. घोडा दौडत पुढे जातो तसा नकाशाचा पुढचा तुकडा आत आणावा लागतो आणि मागचा टाकावा लागतो. हे काम प्रोसेसरच्या मुख्य थ्रेडवर (कामांच्या मुख्य रांगेत) साचलं की ठरावीक अंतरावर तोच हिसका बसतो. अनरियल ५.६ मधलं फास्टजिओ स्ट्रीमिंग हे यासाठीच आहे, आणि डेमोत केल्पीला इतका वेळ पळवली तीही बहुधा म्हणूनच. झाडांसाठीचं नॅनाइट फोलिएजही तिथेच दाखवलं. पूर्वी लांबचं झाड म्हणजे चित्र चिकटवलेला पुठ्ठा असायचा आणि जवळ गेलं की टप्कन खरं झाड उगवायचं. नॅनाइटमध्ये तपशील हळूहळू उतरतो, म्हणून ते उगवणं दिसत नाही.

'मला तर व्हिडिओत अडखळताना दिसलं' म्हणणाऱ्यांसाठी कृती. यूट्यूबवर गुणवत्तेत १०८०पी६० किंवा त्याहून वरचा पर्याय निवडायचा. नुसत्या ७२०पी किंवा ४८०पी वर ६० फ्रेमचा व्हिडिओ अनेकदा ३० चा होऊन येतो आणि निम्मा पुरावा तिथेच गळतो. व्हिडिओ थांबवून कीबोर्डवर स्वल्पविराम दाबला की एक फ्रेम मागे, पूर्णविराम दाबला की एक पुढे. कॅमेरा सतत फिरत असलेला तुकडा घ्यायचा आणि ६० वेळा पुढे जायचं. चित्र हललं नाही ती फ्रेम दुबार. सेकंदात एखादी दुबार असेल तर किरकोळ. सलग चार-पाच आल्या तर तो हिसका, वेळ नोंदवून ठेवायची. दर दुसरी फ्रेम दुबार येत असेल तर मूळ दृश्यच ३० चं आहे.

गवत चिखलासारखं दिसतं ही तक्रार मात्र बव्हंशी व्हिडिओची. यूट्यूब १०८०पी६० साठी १२ मेगाबिट प्रतिसेकंद दराने अपलोड करायला सुचवतं, ४के६० साठी ५३ ते ६८, आणि त्यावर स्वतःचं कॉम्प्रेशन करतं ते वेगळंच. हलणारी पानं, पाऊस, धुकं हे कॉम्प्रेशनचे जन्माचे वैरी. साध्या १०८०पी पडद्यावरही ४के पर्याय निवडून बघावं, बिटरेट जास्त मिळतो. तरीही पानं पुसट राहिली तरच इंजिनच्या अपस्केलिंगवर (लहान चित्र ताणून मोठं करण्यावर) बोट ठेवायचं.

शुक्रवार

संशय हवेतून आलेला नाही, हे फॅन लोकांच्या बाजूने म्हटलंच पाहिजे. 'विचर ३'चा डिसेंबर २०१३ मधला ट्रेलर आणि १९ मे २०१५ ला हातात पडलेला गेम यांत फरक होता. धूर, आग, उजेड, पाणी, सगळ्यात. स्टुडिओचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी तेव्हा मुलाखतीत ते मान्यही केलं. दोन रेंडरिंग पद्धती हाताशी होत्या, आणि निवडलेली पद्धत उघड्या जगात, दिवस-रात्रीच्या सगळ्या उजेडात चालणारी होती. प्रदर्शनासाठी बांधलेला तुकडा देखणा चालतो. तोच पूर्ण जगात ठेवला की कोसळतो.

धुराचं कारण तर अगदी शिकण्यासारखं. अपारदर्शक भिंतीमागचं काही काढावं लागत नाही. धुराचे दहा पापुद्रे एकमेकांवर आले की त्याच पिक्सेलवर दहा वेळा रंग चढवावा लागतो. बंद खोलीत निभतं; वाऱ्यावर हलणाऱ्या जंगलात, जिथे खेळणारा कुठूनही पाहू शकतो, तिथे फ्रेम आपटतात. म्हणून ट्रेलरमध्ये दाट, लोळणारा धूर दिसला की पहिली खूणगाठ तिथे बांधायची: हा पातळ होऊ शकतो.

याच स्टुडिओच्या 'सायबरपंक २०७७'ची गोष्ट थोडी निराळी. ऑगस्ट २०१८ मधल्या ४८ मिनिटांच्या डेमोत भिंतीला चिकटून हल्ला करण्याची करामत होती, डिसेंबर २०२०च्या गेममध्ये ती नव्हती. चित्र उतरणं आणि सोय गायब होणं या दोन तक्रारी एकाच पिशवीत भरू नयेत. पहिलीवर सेटिंग किंवा नवं कार्ड हा उतारा असतो. दुसरीवर काही नाही.

शनिवार, सकाळ

कोणती ओरड ऐकली जाते? 'बाल्डर्स गेट ३' फेब्रुवारी २०२० मध्ये पहिल्यांदा खेळून दाखवला तेव्हा तीन तक्रारी जोरात होत्या. संवादाचे पर्याय भूतकाळी निवेदनात लिहिलेले होते. लढाईत पाळी अख्ख्या गटाला मिळून येत होती. आणि मुळात लढाई पाळीपाळीने होती, जुन्या भागांसारखी थांबवत-थांबवत चालणारी नव्हती. पहिल्या दोन गोष्टी लवकरच बदलल्या: संवाद थेट बोलीत आले, पाळी प्रत्येक पात्राची वेगळी झाली. तिसरी तशीच राहिली. मजकूर आणि नियम बदलणं कष्टाचं असलं तरी शक्य असतं. लढाईचा पाया बदलायचा तर नकाशे, शत्रू, मंत्र, सगळंच पुन्हा. शिवाय ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३ असा अर्ली अ‍ॅक्सेसचा (अपुरा गेम आधीच लोकांना खेळायला देण्याचा) जवळपास तीन वर्षांचा काळ हाताशी होता.

'डायब्लो ३' जून २००८ मध्ये दिसला तेव्हा रंग फार उजळ म्हणून ऑनलाइन याचिका निघाली, लोकांनी स्वतः काळवंडवलेली चित्रं फिरवली. रंग राहिले. डिझाइनवाल्यांचा मुद्दा होता की सगळं करडं केलं की गर्दीत राक्षस एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. स्थिर चित्रात हे कळतच नाही, खेळताना कळतं. 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड'चा ट्रेलर ९ जून २०२४ ला आला, सूर हलकाफुलका म्हणून झोडपला गेला, दोन दिवसांनी, आधीच जाहीर केल्याप्रमाणे, सुरुवातीचा गेमप्ले आला. गेम ३१ ऑक्टोबरला. पाच महिन्यांहून कमी वेळात सूर बदलत नसतो. आवाज रेकॉर्ड झालेले असतात.

'विचर ४'चं पूर्ण उत्पादन नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं आणि २०२६ संपायच्या आत तो येणार नाही हे कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं. म्हणजे इतक्या लवकर केलेली नियमांबद्दलची तक्रार वाया जाणारी नव्हती. वाया गेली ती गालांवरची.

रविवार

सिरीच्या शक्तींचा प्रश्न गालांपेक्षा कितीतरी मोलाचा, पण त्यावर चर्चा थोडी. 'विचर ३'मध्ये तिच्या छोट्या भागांत ती क्षणात इथून तिथे उडी घेते. ट्रेलरमध्ये ती औषध पिते, डोळे मांजरासारखे, जादू हाताने करते, पण ती उडी नाही. कथेचं कारण काहीही देतील. खेळाचं कारण कळण्यासारखं आहे: पहिल्या पातळीपासून फुकट उडी मिळाली तर चुकवणं, ढाल, अंतर राखणं यांचा अर्थ उरत नाही, आणि ५० तास शिकण्यासारखं काही राहत नाही. आधीच्या भागांचा नायक जेराल्ट याला स्मृतिभ्रंश देऊन कौशल्यं शून्यावर आणली होती. हिच्याकडून काय काढून घेतात ते पाहायचं.

पहिला खरा गेमप्ले आला की चेहरा सोडून या जागा बघायच्या. कॅमेरा भिंतीला टेकल्यावर काय करतो. खेळणाऱ्याचा असेल तर तो आत सरकतो किंवा थरथरतो, आधी आखलेला असेल तर भिंत कधी मध्ये येतच नाही. वार लागल्यावर तलवार दोन-तीन फ्रेम थांबते का, कारण वजन तिथून जाणवतं. फटका खाल्ल्यावर जीवनपट्टी किती उतरते. जेमतेम उतरत असेल तर डेमोसाठी आकडे हलके केलेत. वार अर्ध्यात तोडून बाजूला सरकता येतं का. साखळीला वेगळं बटण आहे की ती फक्त ठरलेल्या जागी चालते. आणि सामानाचा पडदा उघडला, अर्धा सेकंद का होईना, तर तिथेच थांबवून वजनाची मर्यादा वाचायची.