एक पायरी सरकलेले शिखर

सिग्नल जनरेटर (ठरवलेल्या वारंवारतेचा सिग्नल देणारे उपकरण) आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (वारंवारतेनुसार सिग्नलची पातळी मोजणारे उपकरण) लॅनवरून चालवून एका बँडपास फिल्टरचा (ठरावीक पट्ट्यातल्याच वारंवारता पुढे जाऊ देणाऱ्या फिल्टरचा) प्रतिसाद मोजण्याचा प्रोग्राम मी लिहिला, तेव्हा आलेखातील शिखर प्रत्येक वेळी नेमके वारंवारतेची एक पायरी पुढे सरकलेले येई. फिल्टर बदलला, केबल बदलल्या, तरी फरक पडला नाही. दोष मोजणीत नव्हता. मी प्रत्येक वेळी आधीच्या वारंवारतेची स्वीप (मोजणीची एक पूर्ण फेरी) वाचत होतो.

१९७५ मध्ये आयईईई ४८८ म्हणून प्रमाणित झालेल्या जीपीआयबीवर, म्हणजे उपकरणे संगणकाला जोडणाऱ्या बसवर, मी बरीच वर्षे काम केले आहे. एकावर एक बसणारे जाड कनेक्टर, एका बसवर कंट्रोलर धरून १५ उपकरणे आणि एकूण २० मीटर केबल, ही तिची मर्यादा. मात्र तिथे ऐकणाऱ्या सर्व उपकरणांनी एक बाइट स्वीकारल्याखेरीज पुढचा बाइट जात नाही. लॅनवरच्या टीसीपी सॉकेटवर, म्हणजे संगणक आणि उपकरण यांच्यातल्या नेटवर्क जोडणीवर, 'पाठवले' याचा अर्थ बाइट आपल्याच संगणकाच्या बफरमध्ये गेले, एवढाच असतो. शिवाय दोन उपकरणांची दोन सॉकेट एकमेकांसाठी थांबत नाहीत, त्यामुळे जनरेटर स्थिरावण्याआधीच अ‍ॅनालायझरला विचारणा पोहोचू शकते.

आज्ञांची भाषा मात्र तीच, १९९० मधली एससीपीआय. पोर्ट ५०२५ वर सॉकेट उघडून '*आयडीएन?' पाठवले की उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर अशा चार नोंदी स्वल्पविरामांनी जोडून परत येतात. ओळीच्या शेवटचे न्यूलाइन अक्षर विसरले, तर उपकरण आज्ञा पूर्ण होण्याची वाट पाहत राहते, आपण उत्तराची वाट पाहतो, आणि शेवटी टाइमआउट होतो.

उपाय असा केला: अ‍ॅनालायझरची सतत चालणारी स्वीप बंद केली. जनरेटरला नवी वारंवारता देऊन त्यालाच '*ओपीसी?' (काम पूर्ण झाले का?) विचारले आणि '१' आल्यावरच अ‍ॅनालायझरची एक स्वीप सुरू केली. मग त्यालाही '*ओपीसी?' विचारून '१' आल्यानंतरच ट्रेस (स्वीपमध्ये मोजलेला आलेख) वाचला. अरुंद रिझोल्यूशन बँडविड्थला (जवळच्या वारंवारता वेगळ्या दाखवणाऱ्या बारीक सेटिंगला) स्वीप कित्येक सेकंद चालते, म्हणून पायव्हिसा या उपकरणे चालवण्याच्या पायथॉन लायब्ररीमधला नेहमीचा २ सेकंदांचा टाइमआउटही वाढवावा लागला. शिखर जागेवर आले.

या सॉकेटला पासवर्ड नसतो. त्यामुळे उपकरणांसाठी वेगळा स्विच ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. ऑफिसच्या नेटवर्कवरून कोणीही जनरेटरची पातळी बदलू शकेल, अशी जोडणी मी मान्य करणार नाही.

आता प्रत्येक पायरीनंतर मी 'सिस्ट:एर?' विचारून त्रुटींची रांग शून्य येईपर्यंत रिकामी करतो. परवा त्यातच '-२२२' सापडला, म्हणजे दिलेली किंमत मर्यादेबाहेर. वरच्या काही वारंवारतांना मी मागितलेली पातळी जनरेटरने नाकारली होती आणि जुनीच पातळी चालू ठेवली होती. त्या ओळी तक्त्यातून काढून मोजणी कमी पातळीवर पुन्हा लावली आहे.