नकलनवीसाचे कपाट

इटालियन संगीतकार व्हेर्दी याच्या २८ ऑपेरांपैकी (म्हणजे संगीतनाटकांपैकी) २३ ऑपेरांची मूळ हस्तलिखिते आणि त्याच्यानंतरच्या पुच्चीनी या संगीतकाराची, ‘ला रोंदिने’ वगळता, सगळ्या ऑपेरांची हस्तलिखिते मिलानच्या ब्रेरा वास्तूतील ब्रायदेन्से राष्ट्रीय ग्रंथालयात, रिकोर्दी या प्रकाशनसंस्थेच्या संग्रहात, एकत्र नांदत आहेत. (‘ला रोंदिने’ सोन्झोन्यो या प्रतिस्पर्धी प्रकाशकाकडे गेला होता, भाऊबंदकी संगीतातही सुटत नाही.) एवढा ठेवा कोणा राजाने किंवा सरकारने नव्हे, तर एका धंदेवाईक घराण्याने जमवला, ही गोष्ट मला फार आवडते.

जोव्हान्नी रिकोर्दी मुळात नकलनवीस होता. प्रत्येक वादकाचा भाग हाताने उतरवून द्यायचा, हे त्याचे काम. १८०७ मध्ये तो लाइपझिगला जाऊन धातूच्या पत्र्यावर स्वरलिपी कोरण्याची विद्या शिकून आला, १८०८ मध्ये त्याने स्वतःची संस्था काढली आणि १८२५ मध्ये ला स्काला नाट्यगृहातील स्वरलिप्यांचा साठाच विकत घेतला. पुढे वाद्यवृंदाच्या प्रती नाट्यगृहांना भाड्याने देण्याचा व्यवसाय बहरला, तेव्हा ज्यावरून त्या प्रती निघत ते मूळ हस्तलिखित हेच भांडवल ठरले, आणि भांडवल कोण रद्दीत घालतो?

दफ्तराची शिस्तही तशीच होती. बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या नकला पातळ कागदाच्या बांधीव वह्यांत, आपल्याकडच्या जावकवहीसारख्या, राखल्या जात. जोव्हान्नीचा नातू जूलियो याने ‘आयदा’नंतर ऑपेरालेखनातून मन काढून घेतलेल्या व्हेर्दीला पुन्हा लिहिते केले, तेव्हा ‘ओतेल्लो’च्या बेताला पत्रांतून ‘चॉकलेट’ हे सांकेतिक नाव होते. १८८७ मध्ये तो ऑपेरा रंगभूमीवर आला, तेव्हा व्हेर्दी ७३ वर्षांचा होता.

मला मात्र सर्वांत जवळचे वाटते ते पुच्चीनीच्या ‘ला बोहेम’च्या हस्तलिखितातील, नायिका मिमीच्या मृत्यूचे पान. त्याचे अक्षर मुळातच गिचमिड, खाडाखोड भरपूर. आणि मिमीचा श्वास थांबतो नेमक्या त्या जागी त्याने कवटी आणि दोन आडवी हाडे काढून शेजारी तिचे नाव लिहिले आहे. छापील प्रतीत हे चित्र येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या नायिकेने पुढे जगाला रडवले, तिच्या मरणाची पहिली नोंद शाळकरी पोराच्या वहीत शोभेल अशी आहे.

१९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत रिकोर्दीचे छापखाने बेचिराख झाले, पण हस्तलिखिते आधीच सुरक्षित जागी हलवलेली होती. पुढे बेर्टेल्समान या जर्मन कंपनीने ही संस्था घेतली आणि नंतर संगीतप्रकाशनाचा व्यवसाय युनिव्हर्सल या संगीत कंपनीला विकला; हा संग्रह मात्र तिने विकला नाही.