ब्रोडी स्मिथची वाट आणि माझा फोरहँड

या हंगामाच्या सरावाची आखणी मी ब्रोडी स्मिथचा प्रवास समोर ठेवून केली आहे. तो अल्टिमेटमधून (दोन संघांनी फ्रिस्बी एकमेकांना देत खेळायचा खेळ) डिस्क गोल्फकडे (कमीत कमी फेकींत डिस्क साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) आला आणि मीही पुण्यात कॉलेजच्या दिवसांपासून अल्टिमेट खेळत होतो. मिशिगनला स्थायिक झाल्यावर सात-सात माणसांचे दोन संघ जमवणे अवघड होऊ लागले, तेव्हा एकट्याने खेळता येणाऱ्या या खेळाकडे वळलो. साम्य एवढ्यावरच संपते, हे सांगायला नकोच. तरीही हातात अल्टिमेटची सवय मुरलेल्या माणसाचे या खेळात नेमके काय कामी येते आणि काय मुळापासून शिकावे लागते, याचा इतका उघड्यावर झालेला दुसरा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही. त्याने आपले शिकणेच कॅमेऱ्यासमोर केले, त्यामुळे आपल्यासारख्यांना ते बारकाईने पाहता येते.

ज्यांना तो केवळ यूट्यूबवरचा करामती माणूस म्हणून माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. 1987 साली जन्मलेला ब्रोडी फ्लोरिडा विद्यापीठाकडून अल्टिमेट खेळला आणि 2006 व 2010 या दोन्ही वर्षी त्या संघाने अमेरिकेचे महाविद्यालयीन अजिंक्यपद जिंकले. पुढे टेक्सासच्या डबलवाइड संघाबरोबर त्याने 2012 चे क्लब अजिंक्यपदही मिळवले. म्हणजे इमारतीच्या गच्चीवरून किंवा पुलावरून डिस्क फेकून ती अचूक ठिकाणी पोहोचवण्याच्या ज्या चित्रफितींनी तो जगभर पोहोचला, त्यांच्यामागे खऱ्या स्पर्धेचा हात होता. 2016 मध्ये 'द अमेझिंग रेस' या दूरचित्रवाणी स्पर्धेचा अठ्ठाविसावा हंगाम निव्वळ समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्ध व्यक्तींना घेऊन झाला, त्यात तो आपला जुना संघसहकारी कर्ट गिब्सन याच्यासह उतरला होता. 2020 मध्ये डिस्क्राफ्ट या कंपनीने त्याला करारबद्ध केले आणि तो व्यावसायिक डिस्क गोल्फच्या स्पर्धांत दिसू लागला.

इथे 'व्यावसायिक' या दर्जाविषयी एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडच्या नातेवाइकांना हे समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते. क्रिकेटमध्ये निवड समितीने बोलावल्याशिवाय वरच्या पातळीवर खेळता येत नाही. डिस्क गोल्फमध्ये मात्र पीडीजीए ही या खेळाची संघटना साध्या स्थानिक स्पर्धेतही खुला गट ठेवते, त्यात शुल्क भरून कोणीही नाव नोंदवू शकतो आणि तिथले रोख बक्षीस स्वीकारले की तो व्यावसायिक ठरतो. हौशी गटात बक्षीस म्हणून वस्तू मिळतात, रोकड नाही. त्यामुळे कागदोपत्री व्यावसायिक होणे ही फारशी मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट आहे ती दौऱ्यावर राहून, प्रवासखर्च निघेल इतके सातत्याने खेळण्याची, आणि तिथे चित्रफितीचे दर्शक किती आहेत हे कोणी विचारत नाही. त्याच मैदानावर त्याच दिवशी खेळलेल्या इतर मानांकित खेळाडूंच्या गुणांशी तुलना करून प्रत्येक फेरीचे मानांकन ठरते. 1000 हा आकडा कसलेल्या खेळाडूची पातळी मानला जातो आणि जागतिक विजेते त्याच्याही बरेच वर असतात. करामतीच्या चित्रफितीत पन्नास फेकी वाया गेल्या तरी एकावन्नावी दाखवता येते, पण मानांकनात पन्नासच्या पन्नास मोजल्या जातात.

मग कंपनीने करार कशासाठी केला? या खेळात बक्षिसाची रक्कम हा उत्पन्नाचा एक भाग असतो. दुसरा मोठा भाग खेळाडूच्या नावाने किंवा शिक्क्याने निघणाऱ्या डिस्कच्या विक्रीतून येतो. पॉल मॅकबेथ याने 2021 मध्ये डिस्क्राफ्टशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला, तो त्याच्या जगज्जेतेपदांइतकाच त्याच्या नावावर खपणाऱ्या मालावर उभा होता. ब्रोडीकडे जगज्जेतेपद नव्हते, पण लाखोंचा प्रेक्षक होता, आणि 2020 च्या महासाथीत उघड्या मैदानावर अंतर राखून खेळता येणाऱ्या या खेळाकडे नव्या लोकांचा असा लोंढा आला की दुकानांतल्या डिस्क संपू लागल्या होत्या. वर्षानुवर्षे गाडीत झोपून दौरे करणाऱ्या एखाद्या खेळाडूला हा करार खटकला असेल, तर मी त्याला दोष देणार नाही. माझे मत मात्र असे आहे की कराराने त्याला फक्त टी-पॅडपर्यंत, म्हणजे पहिली फेक करायच्या चौथऱ्यापर्यंत, आणले. त्यापुढच्या गुणपत्रिकेत कंपनीचा हात नव्हता. डिस्क्राफ्टचे मुख्यालय मिशिगनमधल्या विक्समला, म्हणजे आमच्या नोव्हाय गावाला अगदी लागून आहे, त्यामुळे आमच्या गटात त्या कंपनीबद्दल जरा घरचा जिव्हाळा आहे, हेही वाचताना लक्षात ठेवावे.

त्याच्या शिक्क्याने आधी जी डिस्क गाजली ती झोन, 'गेट फ्रीकी' या नावाने निघालेली. ही निवड मला अतिशय बोलकी वाटते आणि माझ्या सरावाची सुरुवातही तिथूनच झाली. झोनचे उड्डाणाचे आकडे 4, 3, 0 आणि 3 असे आहेत. पहिले दोन वेग आणि तरंगणे सांगतात. तिसरा आकडा वेगात असताना डिस्क किती उलटते ते दाखवतो, तो शून्य आहे. आणि चौथा, वेग ओसरताना ती किती वळून खाली येते तो, तीन आहे, म्हणजे एवढ्या हळू डिस्कसाठी चांगलाच जास्त. अशा डिस्कला आपण ओव्हरस्टेबल म्हणतो. ती हट्टी असते; कितीही जोर लावला तरी उलटी होत नाही आणि शेवटी ठरलेल्या बाजूलाच खाली बसते.

अल्टिमेटच्या खेळाडूला हा हट्टीपणा का लागतो, हे अल्ट्रास्टार आणि ड्रायव्हर (लांब फेकीची गोल्फ डिस्क) शेजारी ठेवले की कळते. अल्टिमेटची अल्ट्रास्टार 175 ग्रॅमची आणि 27.3 सेंटीमीटर व्यासाची असते, तिची कड गोलसर व बोथट असते. गोल्फच्या डिस्कला नियमानुसार व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे 8.3 ग्रॅमची मर्यादा आहे, त्यामुळे साधारण 21 सेंटीमीटरचा ड्रायव्हरही जवळजवळ 175 ग्रॅमपर्यंतच जातो. वजन तेच आणि व्यास सहा सेंटीमीटरने कमी, शिवाय कड पातळ व तिरकी. ही तिरकी कड 1983 मध्ये इनोव्हाच्या डेव्ह ड्युनिपेस यांनी ईगल या डिस्कमधून आणली आणि तेव्हापासून हा खेळ साध्या फ्रिस्बीपासून वेगळा झाला. तशा कडेची डिस्क दूर जाते, पण हाताची प्रत्येक खोड जशीच्या तशी दाखवते. अल्टिमेटमध्ये समोर बचाव करणारा खेळाडू हात पसरून उभा असतो, त्याला चुकवून बाजूला पाऊल टाकायचे आणि मनगटाच्या एका झटक्यात फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून अंगाच्या बाजूने केलेली फेक, सोडायचा, अशी आपली सवय असते. त्या झटक्यात सुटताना तळहात किंचित पालथा पडतो. रुंद अल्ट्रास्टार ते पोटात घालते. ड्रायव्हर मात्र थरथरत निघतो आणि अर्ध्या वाटेवर डावीकडे उलटा होऊन झाडीत शिरतो.

म्हणून मार्चपासून मी ड्रायव्हर पिशवीतच ठेवले आणि फोरहँडसाठी फक्त झोन वापरली. कोपर शरीराजवळ, दोन बोटे कडेच्या आतल्या बाजूला घट्ट एकावर एक, आणि सोडल्यानंतरही तळहात आकाशाकडे, एवढ्या तीनच गोष्टींवर लक्ष दिले. तळहात आकाशाकडे राहिला की थरथर जाते, हे ऐकून सर्वांनाच माहीत असते. हाताला ते पटायला मात्र मे उजाडला. आता साठ-सत्तर मीटरपर्यंतची झोन मी डोळे झाकून म्हणावी इतक्या खात्रीने टाकतो आणि झाडाला डावीकडून वळसा घालून बास्केटजवळ बसवतो. ब्रोडीच्या खेळातही सुरुवातीपासून हाच भाग सर्वांत सहज दिसतो, यात नवल नाही. वारा वाचणे, डिस्कला कोन देणे, हवेत ती कुठे वळेल याचा अंदाज बांधणे, हे सगळे अल्टिमेटमधून आयते मिळते.

बॅकहँडबद्दल, म्हणजे हात अंगासमोरून आडवा नेऊन केलेल्या फेकीबद्दल, थोडक्यात लिहितो. तिथे आपले भांडवल कमी पडते, कारण अल्टिमेटमध्ये एक पाय रोवून उभे राहायचे असते, तर इथे टी-पॅडवर आडवी पावले टाकत येऊन पुढच्या पायावर थांबायचे आणि कंबरेची ताकद हातात उतरवायची असते. माझ्या डिस्कचे पुढचे टोक अजून वर राहते आणि ती हवेत अडखळते. त्यावर काम चालू आहे, सांगण्यासारखे अजून काही नाही.

खरा प्रश्न पटचा, म्हणजे जवळून डिस्क बास्केटमध्ये टाकायच्या फेकीचा आहे, आणि माझ्या मते ब्रोडीच्या वाटेतलाही सर्वांत खडतर टप्पा तोच होता. अल्टिमेटमध्ये समोर माणूस असतो. डिस्क अर्धा मीटर इकडेतिकडे गेली तरी तो उडी मारून, आडवा होऊन पकडतो, आणि म्हणून आपण डिस्क त्याच्यापर्यंत हळूच तरंगत नेतो. बास्केट जागची हलत नाही. बास्केटपासून 10 मीटरच्या आत आणखी एक नियम लागू होतो: डिस्क सोडल्यावर खुणेमागे पूर्ण तोल सांभाळून दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, नाहीतर एक गुण वाढतो. ज्याने आयुष्यभर फेकून लगेच धावायचे एवढेच केले, त्याला फेकून उभे राहणे जड जाते. आमच्या गटातले एक काका मूळचे सांगलीचे, निवृत्तीनंतर मुलाकडे आले आणि इथेच खेळायला शिकले. त्यांच्या हातात अल्टिमेटची एकही सवय नाही. ते माझ्या निम्म्या अंतरावर डिस्क टाकतात आणि पटवर मला हमखास गाठतात. "अरे, साखळीकडे बघ, सगळ्या बास्केटकडे कशाला बघतोस?" असे ते मला दर वेळी सांगतात, आणि मी दर वेळी मान डोलावतो.

हिवाळ्यात अंगणातल्या बास्केटवर दोन प्रकार पडताळून पाहिले. मनगटाने फिरकी देऊन सरळ रेषेत टाकायचा पट आपल्या हाताला लगेच जमतो, वाऱ्यातही टिकतो, पण हुकला तर बास्केटच्या पलीकडे दूर जाऊन पडतो आणि परतीचा पट पुन्हा तेवढाच लांब होतो. पाय आणि खांद्याच्या जोरावर, फिरकी कमी ठेवून, कमानीत ढकलायचा पट हुकला तरी बास्केटच्या पायथ्याशीच बसतो. मात्र त्यात मनगटाला गप्प बसवावे लागते. मी फिरकीचाच पट ठेवला आहे, फक्त पाच-सहा मीटरच्या आत दुसरा वापरतो. बर्फात डिस्कच्या खालच्या बाजूला लांब रंगीत फीत चिकटवली की ती रुतलेल्या जागी शेपूट वर ठेवते आणि सापडते. थंडीत प्लॅस्टिक कडक होऊन बोटांतून निसटते, म्हणून पटर (पटसाठीची डिस्क) कोटाच्या आत ठेवावा.

सध्या शनिवारी सकाळी डेक्स्टरजवळच्या हडसन मिल्स मेट्रोपार्कला जातो. मेट्रोपार्कचा गाडीचा वार्षिक पास काढला की दर वेळचे शुल्क वाचते आणि केन्सिंग्टनलाही जाता येते. बर्फावरून घसरण्याच्या टेकड्यांवर आखलेले टोबॉगन हे मैदान केन्सिंग्टनचेच. तिथे चढावर पट घालताना तोल सांभाळण्याच्या नियमाची खरी कसोटी लागते. ऑगस्टमध्ये स्थानिक स्पर्धेत हौशी गटात नाव नोंदवणार आहे. पिशवीत दोन झोन, एक बझ (मध्यम पल्ल्याची डिस्क), दोन सारखे पटर आणि एकच ड्रायव्हर असेल, आणि तो ड्रायव्हर बॅकहँडसाठीच ठेवला आहे.