स्लॉटचं लिव्हरपूल: मॅच-नोंदवही, ऑगस्ट ते १ डिसेंबर २०२४

१ डिसेंबर २०२४ पर्यंत प्रीमियर लीगचे १३ सामने झाले: ११ विजय, १ ड्रॉ, १ पराभव. गुण ३४, गोल केले २६, खाल्ले ८. आर्सेनल आणि चेल्सी २५ वर आहेत, म्हणजे आघाडी ९ गुणांची. चॅम्पियन्स लीगमध्ये पाचपैकी पाच. आधीचा कोच क्लॉपच्या शेवटच्या मोसमात टीम ८२ गुणांवर तिसरी आली होती, तेव्हा नवा कोच आर्ने स्लॉटच्या हाती मुळातच चांगली टीम आली हे मान्य. तरीही या टीमचा खेळ आज वेगळा दिसतो, आणि तो नेमका कुठे वेगळा आहे ते सामन्यागणिक टिपलं तरच पुढचा अंदाज बांधता येईल. ही नोंदवही त्यासाठी.

काय टिपायचं, कसं टिपायचं

मॅच लाइव्ह बघताना काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी रीप्ले लावा आणि १५ मिनिटांचे सहा तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात चारच गोष्टी टिपायच्या. आपल्या (लिव्हरपूलच्या) गोलकिकला मिडफिल्डर ग्राव्हेनबेर्ख कुठे उभा आहे. बॉल कुठे गमावला: आपला तिसरा भाग, मधला, की समोरचा. बॉल गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत त्यावर कोण गेलं. आणि साठाव्या मिनिटानंतर कोण आत, कोण बाहेर.

टीव्हीच्या चित्रात दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे कॅमेरा बॉलमागे धावतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूचा विंगर (कडेचा आक्रमक) आणि फुलबॅक (कडेचा बचावपटू) चित्राबाहेर राहतात. दिसलं नाही तर रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका. दुसरी म्हणजे आधीच्या शॉटचा रीप्ले चालू असतानाच गोलकिक घेतली जाते. त्यामुळे एका हाफमध्ये धड दिसणाऱ्या गोलकिक मोजक्याच मिळतात आणि एका मॅचवरून निष्कर्ष काढता येत नाही. निदान तीन मॅच एकत्र करून बघा.

एक्सजी (शॉटचा गोल होण्याची शक्यता मोजणारा आकडा) वापरत असाल तर पेनल्टी वेगळी काढा. एका पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७९ धरतात, म्हणजे एका शिट्टीने अख्ख्या हाफचं चित्र पालटतं. साउथॅम्प्टनच्या मॅचला दोन्ही बाजूंना एकेक पेनल्टी होती. ती न काढता आकडे वाचले तर दोन्ही टीमनी प्रत्यक्षापेक्षा जास्त संधी तयार केल्यासारखं वाटतं.

१७ ऑगस्ट, इप्सविच ०-२

उन्हाळ्यात सहा नंबरसाठी (बचावफळीच्या पुढ्यात खेळणारा मिडफिल्डर) सोसिएदादच्या सुबिमेंदीमागे क्लब लागला होता, तो आला नाही. लगेच वापरता येईल असा एकच खेळाडू घेतला, किएझा. त्यामुळे आठ नंबर (त्याच्या पुढचा मिडफिल्डर) म्हणून घडलेला ग्राव्हेनबेर्ख सहावर उतरला. आमच्या मते अख्ख्या मोसमाचं गणित या एका जागेवर उभं आहे.

हाफटाइमला क्वान्सा बाहेर, कोनाते आत. कारण साधं होतं: इप्सविच लांब बॉल टाकत होतं आणि हवेतली झुंज आपण हरत होतो. पहिल्याच लीग मॅचला, ०-० असताना, सेंटरबॅक बदलायला धीर लागतो. पुढे ६० व्या मिनिटाला जोटा, ६५ व्या मिनिटाला सालाह.

१ सप्टेंबर, मँचेस्टर युनायटेड ०-३

बदल समजून घ्यायला हीच मॅच पुन्हा बघावी. कागदावर ४-२-३-१: मधल्या फळीत मागे ग्राव्हेनबेर्ख आणि मॅकअ‍ॅलिस्टर, पुढे सोबोस्लाई. सेंटरबॅक रुंद उभे राहतात, गोलकीपर त्यांच्यामध्ये येतो आणि मधले दोघे एकमेकांच्या जवळ राहतात. घाई कुणालाच नाही. समोरच्याने प्रेसला (बॉल हिसकवायला अंगावर) यावं म्हणून बॉल मुद्दाम पायाखाली ठेवला जातो. तो आला की त्याच्यामागे मोकळी झालेली जागा आपली. २०२३ च्या एप्रिलपासून क्लॉपने उजवा फुलबॅक ट्रेंटला मधल्या फळीत आत आणलं होतं. आता तो बहुतेक वेळ उजवीकडेच राहतो आणि तिथून लांब पास मारतो. बॉल समोरच्याकडे गेला की सोबोस्लाई स्ट्रायकरच्या शेजारी जातो आणि आकार ४-४-२ च्या जवळ येतो.

पहिला गोल थांबवून थांबवून बघा. कासेमिरोचा पास ग्राव्हेनबेर्ख मध्येच तोडतो, बॉल घेऊन स्वतः पुढे निघतो, मग उजवीकडे सालाह, तिथून क्रॉस, लांबच्या पोस्टवर दियाझचं हेडर. दुसऱ्या गोललाही बॉल कासेमिरोकडूनच सुटतो, या वेळी दियाझच्या टॅकलने. म्हणजे बॉल पायाशी ठेवून शांतपणे खेळणारी ही टीम हिसकावल्यावर थेट गोलकडेच पळते. क्लॉपचा तो गुण स्लॉटने सोडलेला नाही, याचा मनापासून आनंद आहे.

१४ सप्टेंबर, फॉरेस्ट ०-१

लीगमधला आतापर्यंतचा एकुलता पराभव, आणि नोंदींच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. फॉरेस्ट प्रेसला आलंच नाही. समोरचा खाली बसून राहिला की त्याच्यामागे जागा उरत नाही, आणि मागे खेळलेल्या दहा पासचा काही उपयोग होत नाही. ग्राव्हेनबेर्ख आणि मॅकअ‍ॅलिस्टर दोघेही बॉलच्या मागे राहिले, बॉक्समध्ये माणसं कमी पडली, आणि ७२ व्या मिनिटाला बदली आलेल्या हडसन-ओडोईने गोल केला.

दुसरं कारण प्रवासाचं. आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतरची ही पहिली मॅच, दियाझ आणि मॅकअ‍ॅलिस्टर दक्षिण अमेरिकेतून परतलेले, आणि तरीही ओल्ड ट्रॅफर्डचीच (युनायटेडच्या मैदानावर खेळलेली) अकरा जणांची टीम उतरली. नंतरच्या ब्रेकनंतर काय होतं ते मुद्दाम बघा. ऑक्टोबरच्या ब्रेकनंतर चेल्सी २-१, नोव्हेंबरच्या ब्रेकनंतर साउथॅम्प्टन ३-२. दोन्ही जिंकलो, पण दोन्हींत खेळ ओढाताणीचा होता.

१७ सप्टेंबर, मिलान १-३

तिसऱ्याच मिनिटाला पुलिसिचचा गोल. मग कोनाते आणि व्हॅन डाइक, दोघांचीही हेडर सेट-पीसवरून (फ्रीकिक, कॉर्नर अशा थांबलेल्या बॉलवरून). सेट-पीसचा रकाना इथून वेगळा केला, तुम्हीही करा.

२७ ऑक्टोबर, आर्सेनल २-२

दोनदा मागे पडलो, दोनदा बरोबरी केली. ८१ व्या मिनिटाचा गोल: ट्रेंटचा लांब पास, नुन्येझ बॉल घेऊन पुढे जातो आणि आडवा देतो, सालाह पूर्ण करतो. मेरिनोचं हेडर मात्र फ्रीकिकवरून आलं. सेट-पीसवर आपण गोल खातोही, हे रकान्यात लाल पेनाने लिहा.

नोव्हेंबर

ब्रायटनशी हाफटाइमला ०-१ होतो. दुसऱ्या हाफमध्ये टीम जास्त वर जाऊन प्रेसला आली आणि तीनेक मिनिटांत गाकपो आणि सालाहचे गोल. लेव्हरकुसेनला ४-०: दियाझ मध्ये खेळला, सारखा खाली उतरत राहिला आणि हॅटट्रिक केली. जोटा जखमी असताना हा पर्याय सापडणं फार महत्त्वाचं. व्हिलाच्या मॅचला नुन्येझचा गोल त्यांच्याच कॉर्नरवरून उलटलेल्या हल्ल्यातून आला. आपल्यावर कॉर्नर असताना सालाह कुठे थांबतो ते बघा. बचावाला तो फारसा येत नाही, आणि म्हणूनच समोरच्याला कॉर्नरला माणसं मागे ठेवावी लागतात.

रेआल माद्रिदला २-० हरवलं (आपल्याकडे रात्री दीडची मॅच, जागणाऱ्यांचं सोनं झालं). केलेहरने एम्बापेची पेनल्टी अडवली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध अ‍ॅलिसन जखमी झाल्यापासून हा माणूस ज्या शांतपणे गोल सांभाळतोय त्याचं कौतुक कमीच होतं. पण डावीकडे काळजी आहे: साउथॅम्प्टन आणि माद्रिद, सलग दोन सामन्यांत डावा फुलबॅक रॉबर्टसनच्या फाउलवर समोरच्याला पेनल्टी मिळाली. त्याच जागेवरचा सिमिकासही जखमी, म्हणजे पाळी बदलायलाही कुणी नाही.

१ डिसेंबर, मँचेस्टर सिटी २-०

१२ व्या मिनिटाचा गोल: ट्रेंटचा आडवा लांब पास थेट सालाहकडे, सालाहचा क्रॉस, लांबच्या पोस्टला गाकपो. ओल्ड ट्रॅफर्डच्या पहिल्या गोलशी ताडून बघा. दोन्हीकडे उजवीकडून सालाह देतो आणि डावा विंगर लांबच्या पोस्टवर आत घुसतो. हा ठरवून घोटलेला मार्ग आहे. कोनातेच्या जागी गोमेझ होता आणि उणीव जाणवली नाही. ७८ व्या मिनिटाला सिटीचा गोलकीपर ओर्तेगाने दियाझला पाडलं, सालाहने पेनल्टी मारली.

पुढचा अंदाज

आज तरी विजेतेपदाला सगळ्यात जवळची टीम आपलीच आहे. अडथळे तीन दिसतात. ग्राव्हेनबेर्खची जागा घेणारा कुणी नाही. मिडफिल्डर एंडोला लीगमध्ये मोजकीच मिनिटं मिळालीत. ग्राव्हेनबेर्खच्या अंगाची ठेवण, बॉल येण्याआधी खांद्यावरून मागे बघणं आणि लांबच्या पायावर बॉल घेऊन एका झटक्यात वळणं, यावर अख्खा बिल्ड-अप (मागून खेळ रचत नेणं) चालतो. तो दोन आठवडे बाहेर बसला तर खेळायची पद्धतच बदलावी लागेल. दुसरा अडथळा खाली बसणाऱ्या टीमचा. फॉरेस्टचा धडा बाकीच्यांनीही वाचला असणार. तिसरा मैदानाबाहेरचा: सालाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट, तिघांचेही करार तेव्हा जून २०२५ पर्यंतचेच होते.

स्नायूंच्या दुखापती आटोक्यात ठेवायला स्लॉटने फेयेनूर्डहून रुबेन पेटर्सला सोबत आणलं. त्या कामाचा कस डिसेंबरच्या दर तीन-चार दिवसांच्या सामन्यांत लागेल.

पुढची मॅच न्यूकासलला, त्यांच्या मैदानावर. कोनाते आणि ब्रॅडली दोघेही माद्रिदच्या मॅचला जखमी झालेत, म्हणजे मागचा पर्याय तुटपुंजा. न्यूकासलचे गिमारायश आणि जोएलिंटन अंगावर येऊन खेळतात, तेव्हा पहिल्या १५ मिनिटांत ग्राव्हेनबेर्खला बॉल किती वेळा वळून घेता आला आणि किती वेळा मागेच द्यावा लागला, ते दोन वेगळे आकडे टिपा. मागे दिलेले जास्त भरले, तर सोबोस्लाई खाली उतरतो का तेही लिहा.