टॅग सुटायलाही हवा

समुद्री कासवाच्या पाठीवर चिकटवलेला टॅग (जनावर कुठे आहे ते संदेश पाठवून कळवणारं छोटं यंत्र) काही महिन्यांत गळून पडला की प्रश्न ठरलेला: "याहून पक्का गोंद मिळत नाही का हो?" मिळतो की! पण बॅटरी संपल्यावरही टॅग तसाच राहिला, तर जनावर फुकटचं ओझं वाहत बसतं. म्हणून तो किती दिवस टिकायला हवा हे आधी ठरवायचं आणि मग साहित्य निवडायचं.

कासवाच्या पिल्लाचं कवच वाढत असतं. कडक इपॉक्सी (दोन भाग मिसळले की आळणारा गोंद) त्याबरोबर ताणली जात नाही, वरचा केराटिनचा (आपली नखं ज्याची असतात त्याचा) पापुद्रा सुटतो आणि टॅग त्याच्यासकट निघतो. तिथे खाली नखांना लावतात ते अॅक्रिलिक (हो, मॅनिक्युअरचंच), वर निओप्रीनची (लवचीक रबराची) पट्टी आणि लवचीक सिलिकॉन असा थर चालतो. मोठ्या कासवाला इपॉक्सी चालते. कवच घासून, अॅसिटोनने पुसून, कोरडं करून घ्यावं. मात्र जाड गोळा थापू नये. इपॉक्सी आळताना तापते, जाड थर जास्तच, आणि खाली जिवंत हाड असतं. पातळ थर द्यावा, गार झाला की दुसरा.

शार्कच्या पाठीवरच्या पंखाला बोल्ट स्टेनलेसचा आणि नट साध्या लोखंडाचा लावायचा. खाऱ्या पाण्यात नट गंजून संपतो, टॅग सुटतो. ऊबदार पाण्यात हे लवकर होतं, त्यामुळे थंड टाकीतल्या चाचणीवर विसंबू नये.

वजनाचा हिशेब करून बघा. टॅग 60 ग्रॅमचा, आकारमान 50 मिलिलिटर. समुद्राच्या पाण्याची घनता मिलिलिटरला 1.025 ग्रॅम धरली, तर पाण्यात तो 8.75 ग्रॅम भरतो. काचेचे पोकळ सूक्ष्म मणी घातलेला 0.4 घनतेचा फोम 14 मिलिलिटर जोडला की टॅग तरंगत नाही आणि बुडतही नाही. मात्र आकार वाढला की पाण्याचा अडथळाही वाढतो. वेगाने पोहणाऱ्या माशाला, मला विचाराल तर, वजनापेक्षा तोच जास्त जाचतो.

बार्नेकल (खडकांना, बोटींना चिकटून बसणारे कवचवाले जीव) बसू नयेत म्हणून तांब्याचा रंग लावतात. तो खाऱ्या पाण्याच्या स्विचवर (टॅग पाण्यात आहे की पाण्याबाहेर, हे ओळखणारा भाग) गेला तर स्विच बिघडतो. रंग न लावता स्विचवर शेवाळ चढलं, तर टॅगला आपण सदा पाण्यातच आहोत असं वाटतं आणि तो संदेशच पाठवत नाही; संदेश पाण्याबाहेर आल्यावरच जातो.

स्क्विडसारख्या मऊ अंगाला यातलं काहीच जमत नाही. तिथे आता कोरड्या हायड्रोजेलची (पाणी शोषून जेलीसारखा होणाऱ्या पदार्थाची) पट्टी आली आहे: ती कातडीवरचं पाणी शोषते आणि काही सेकंदांत धरते. पाकीट ओल्या हाताने उघडलंत तर ती तुमच्या बोटालाच धरेल.