पत्ता नसलेल्या माणसाचे कागद

रात्री अकरानंतर परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर झोपलेल्यांच्या उशाशी एक्स-रेची मोठी पाकिटं दिसतात. दादरच्या फुलबाजाराजवळ झोपणारा हमाल पहाटे माल उतरवायला उठतो. भायखळ्याला काही कुटुंबांची तिसरी पिढी फुटपाथवर वाढते आहे. तिघेही बेघरच, पण पहिल्याला उपचार संपेपर्यंत खोली हवी (दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठी नेमकं हेच काम करते), दुसऱ्याला कामाजवळ निर्धास्त झोप हवी आणि तिसऱ्याला कायमचं घर.

2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली, त्यामुळे रात्रपाळीला गेलेला माणूस त्यात सापडणं कठीण. सर्वोच्च न्यायालयाच्या निकषानुसार दर लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा लागतो. म्हणजे मुंबईला किमान सव्वाशे हवेत. आपण त्याच्या जवळपासही नाही. आणि जे आहेत ते बहुतेक बाई, पुरुष, मुलं असे वेगळे, त्यामुळे नवरा-बायको-मुलांनी एकत्र राहायचं कुठे? निवारा कामाच्या नाक्यापासून लांब असला तर सकाळी नाका गाठता येत नाही आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून माणूस छप्पर सोडून पुन्हा पुलाखाली येतो. त्याला हट्टी म्हणणं अन्याय आहे.

निवारे वाढायचे तेव्हा वाढोत, कागदांचं काम मात्र आज हाती घेता येतं. पालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी येते तेव्हा बोचकं उचललं जातं आणि त्यात कपड्यांबरोबर आधार, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखलाही जातो. पुढचं सगळं तिथेच अडतं.

मदत करणारे सहसा घाईने नवीन आधारचा अर्ज भरतात. तो बाद होतो, कारण त्या माणसाचं आधार गावी आधीच काढलेलं असतं आणि ठसे जुळतात. आधी विचारा: कधी बोटं टेकवली होती का, डोळ्यांचा फोटो काढला होता का? उत्तर हो असेल तर आधार केंद्रात नेऊन ठशांवरून जुनाच क्रमांक शोधून छापून घ्या. सिमेंट-विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन ठसा घेत नसेल तर डोळ्यांनी ओळख पटवायला सांगा. आधार खरोखरच कधी काढलेलं नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला पत्त्यासाठी चालतो. पण प्रौढांच्या नव्या नोंदणीची पडताळणी राज्य सरकारकडून होते, त्यामुळे काही महिने धरून चाला.

मतदार नोंदणीला बेघर माणसाकडून राहण्याचा पुरावा मागायचा नसतो. नमुना 6 मध्ये झोपण्याची जागा लिहायची आणि ती अचूक लिहायची: कोणता पूल, कोणती बाजू, खांबावर आकडा असेल तर तोही. मग बीएलओ (मतदारयादीचं काम पाहणारा त्या भागातला कर्मचारी) एकापेक्षा जास्त रात्री तिथे येऊन माणूस खरंच झोपतो का ते पाहतो. गोची इथेच होते. त्याच आठवड्यात गाडी आली आणि कुटुंब दुसऱ्या गल्लीत गेलं की अर्ज पडला. जागा हलली तर बीएलओला लगेच कळवा.

बँकेत कागदांशिवायही 'छोटं खातं' उघडता येतं. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा पुरतो. शिल्लक 50 हजारांपर्यंत, महिन्याला 10 हजारांपर्यंत काढता येतात, आणि मुदत 12 महिने. त्या काळात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी 12 महिने मिळतात. बँकेतला माणूस 'असं काही नसतं' म्हणाला तर मॅनेजरला भेटा.

मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, कमरेला बांधलेल्या बटव्यात. बोचक्यात कधीच नको. झेरॉक्सचा एक संच ओळखीच्या चहावाल्याकडे किंवा मुलांच्या शाळेत ठेवा. फोन चोरीला जातो, म्हणून फक्त फोनमधल्या फोटोंवर विसंबू नका.

रस्त्यावर मनोरुग्ण भटकताना दिसला तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 पोलिसांना आठवण करून द्या. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं, आणि हरवलेली व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोध घेणं ठाणेदारावर बंधनकारक आहे. त्या नोंदीचा क्रमांक मागून घ्या आणि त्या माणसाला ज्या रुग्णालयात नेलं तिथल्या वॉर्डातही लिहून द्या, म्हणजे गावाहून शोधत आलेल्या भावाला तो सापडेल.