सेटचा अभ्यास आणि विचारवंतांची भांडणं

समाजशास्त्राच्या सेटला, म्हणजे महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेला, विचारवंतांवर जे विचारतात ते बहुतेक ठरलेल्या साच्यातलं असतं. जोड्या लावा, पुस्तकांचा कालानुक्रम लावा, विधान आणि कारण. एम.ए.ला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डरखाईमच्या आत्महत्या-सिद्धांतावर पाच पानं लिहिली की भागायचं. इथे १८९३, १८९५, १८९७, १९१२ हा त्याच्या चार मुख्य पुस्तकांचा क्रम झोपेतही सांगता यायला हवा. दुसऱ्या पेपरात शंभर प्रश्न, दोनशे गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत हाच काय तो दिलासा, पण परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरवतात, त्यामुळे तो दिलासा सगळ्यांनाच सारखा.

मी पतसंस्थेत नोकरी करत होते. अभ्यास म्हणजे पहाटेचा तास-दीड तास आणि रविवार. बाजारातलं गाईड आणलं, तर त्यात प्रत्येक विचारवंताचं वेगळं प्रकरण : जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, योगदान, टीका. थेट लग्नाच्या बायोडेट्याचा नमुना. कॉम्त वाचून वेबरवर यावं तोवर कॉम्तने सांगितलेले मानवी विचाराच्या प्रगतीचे तीन टप्पे पुसट झालेले असायचे.

मग वहीत एक रकाना वाढवला : ‘हा कुणाशी भांडतोय?’ मार्क्स आणि वेबरचं सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर वेळ घालवला नाही. इंग्रज विचारवंत स्पेन्सर आणि डरखाईमचं मात्र त्या रकान्यामुळेच कळलं. स्पेन्सरच्या मते आधुनिक औद्योगिक समाज माणसामाणसांतल्या करारांवर चालतो. डरखाईम श्रमविभाजनाच्या पुस्तकात विचारतो, करार पाळायचे असतात हे कुठल्या करारात लिहिलंय? कराराच्या आधी समाज लागतोच. एवढं कळल्यावर डरखाईमचं यांत्रिक ऐक्य (सारखेपणातून येणारं) आणि सेंद्रिय ऐक्य (श्रमविभाजनामुळे एकमेकांवर अवलंबून राहण्यातून येणारं) वेगळं पाठ करावं लागलं नाही.

पण खरी गंमत टार्डची. गॅब्रिएल टार्ड गाईडमध्ये कुठेच नव्हता. त्याचं म्हणणं असं की समाज म्हणजे मुळात अनुकरण : एकाचं बघून दुसरा करतो, दुसऱ्याचं बघून तिसरा. डरखाईमला हे अजिबात मान्य नव्हतं. आत्महत्येवरच्या १८९७ च्या पुस्तकात त्याने अनुकरण खोडून काढायला अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. आणि त्या पुस्तकासाठी सुमारे सव्वीस हजार आत्महत्यांच्या ज्या सरकारी नोंदी वापरल्या, त्या त्याला कुणी पाहू दिल्या? फ्रान्सच्या न्याय मंत्रालयात आकडेवारी विभागाचा प्रमुख असलेल्या टार्डनेच. नोंदींची वर्गवारी भाचा मार्सेल मॉसने केली, आभार प्रस्तावनेत आहेत, आणि पुढे त्याच टार्डची उलटतपासणी. आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात असं झालं असतं तर दोघं एका परिसंवादात बसले नसते.

हे भांडण डरखाईमने जिंकलं असं मी धरून चालले होते. पाठ्यक्रमात तो आहे, टार्ड नाही. मग भारतीय विचारवंतांची पाळी आली आणि बाबासाहेबांचा जातींवरचा निबंध मुळातून वाचायला घेतला. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेला. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. आणि त्यात टार्ड! जात पसरली कशी, याचं उत्तर देताना आंबेडकर त्याचे अनुकरणाचे नियम वापरतात : अनुकरण वरून खाली झिरपतं आणि जितकं अंतर कमी तितकं ते दाट. एका वर्गाने दार लावून घेतलं, मग बाकीच्यांनी कुणी बघून लावलं, कुणाच्या तोंडावर लावलं गेलं. टार्डच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९०३ चं, त्याला प्रस्तावना गिडिंग्ज यांची, आणि गिडिंग्ज कोलंबियातच समाजशास्त्र शिकवायचे. धागा असा पॅरिसहून न्यूयॉर्कला आलेला.

त्याच निबंधात आपले ज्ञानकोशकार केतकरही भेटतात. त्यांचं जातीवरचं पुस्तक १९०९ चं. जन्माने सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, अशी दोन लक्षणं त्यांनी सांगितली. आंबेडकर त्यांचं कौतुक करतात आणि लगेच म्हणतात की ही दोन नाहीतच, एकाच पदकाच्या दोन बाजू आहेत : बाहेर लग्न बंद केलं की सदस्य जन्मानेच मिळणार. म्हणून मूळ एकच, अंतर्विवाह, म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न. मग सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह त्या अंतर्विवाहासाठी जातीतल्या लग्नाच्या स्त्री-पुरुषांच्या संख्येचा हिशेब जुळवायला कसे येतात, हे जवळजवळ गणितासारखं मांडलंय. हा निबंध वाचलेला असला की समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांचं १९५२ चं संस्कृतीकरण, म्हणजे खालच्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणं, एका बैठकीत समजतं.

वहीत सालांची यादी करताना १९१६ च्या ओळीत गर्दी झाली. डरखाईम अजून जिवंत, युद्धात मुलगा गमावून खचलेला. वेबर जर्मनीत हिंदू आणि बौद्ध धर्मावरचे लेख छापतोय, भारतात पाऊल न ठेवता, जनगणनेचे अहवाल आणि संस्कृतज्ञांचं लेखन समोर ठेवून. आणि न्यूयॉर्कात आंबेडकर. पाठ्यक्रमात मात्र आधी अभिजात विचारवंत, भारतीय विचारवंत शेवटच्या गटात, जणू कुणी नंतर येऊन पंगतीला बसलं. समाजशास्त्रज्ञ घुर्यांचं १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्र विभागाचं प्रमुखपद, इरावतीबाई कर्व्यांचं बर्लिनमधलं शिक्षण, हेही मी मग त्याच यादीत घुसवलं.

फुको, बोर्द्यू, कॅस्टेल्स या अलीकडच्या विचारवंतांना हा रकाना लागू पडला नाही. त्यांची भांडणं समजायला आणखी दहा पुस्तकं वाचायला हवी होती. तिथे सरळ गाईड पाठ केलं. पुस्तक आणि साल, संकल्पना आणि नाव. लाज वाटली नाही.

पेपरात कालानुक्रमाचे प्रश्न यादीमुळे पटापट सुटले. टार्डवर एकही प्रश्न नव्हता, तशी अपेक्षाही नव्हती. पात्र ठरले. आता सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. एफ.वाय.च्या वर्गात सुरुवात कॉम्तने न करता १९१६ च्या निबंधाने करते. मुलं वाद घालतात, तास संपतो तरी उठत नाहीत. त्यामुळे उरलेला अभ्यासक्रम सत्राच्या शेवटी जादा तास घेऊन ओढावा लागतो, आणि त्या तासांचं मानधन कुणी देत नाही.